मुंबईहून क्रूझ: दोन-तीन रात्रींचं सोनं कसं करायचं

शुक्रवारी दुपारी दोनला बॅलार्ड पिअरला पोहोचायचं आणि रविवारी सकाळी नऊला उतरायचं, असं धरलं तर दोन रात्रींच्या क्रूझमध्ये हाताशी ४३ तास येतात. झोप, आंघोळ आणि आवराआवर वजा केली की जागेपणी उपभोगायला पंचवीसेक तास उरतात. तिकिटाचे पैसे मोजलेले असतात ते या तासांसाठी, आणि हे तास वाया जातात ते मुख्यतः तीन गोष्टींत: रांगा, चुकीची खोली आणि बोट लागणं. तिन्हींचा बंदोबस्त बराचसा घरूनच करता येतो.

कोणतं जहाज, कोणता महिना

मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करत आलं आहे. ते १९९० साली बांधलेलं, सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजार टनांचं. सिंगापूरहून निघणारं ‘जेंटिंग ड्रीम’ २०१६ चं आणि दीड लाख टनांचं. हे टन वजनाचे नसून जहाजाच्या आतल्या जागेचे आहेत. निवड करताना हा आकडा आधी बघा, कारण बऱ्याच गोष्टी त्यावर ठरतात. मोठं जहाज कमी डोलतं, त्यावर करायला पुष्कळ असतं, पण चालणंही पुष्कळ पडतं. लहान जहाज तासाभरात पाठ होतं, दोन रात्रींसाठी ते सोयीचं. मात्र खोल्या लहान आणि समुद्र थोडा जास्त जाणवतो. आजी-आजोबा बरोबर असतील आणि फक्त दोन रात्री असतील, तर लहान जहाजाचं वावडं मानू नका.

महिन्याच्या बाबतीत मात्र तडजोड नको. अरबी समुद्र नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सर्वांत शांत असतो. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात चक्रीवादळांची शक्यता असते. ‘तौक्ते’ मे २०२१ मधलं, ‘क्यार’ ऑक्टोबर २०१९ मधलं. पावसाळ्यात तर समुद्र खवळलेलाच असतो. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीही तेव्हा बंदच असत, त्यामागचं कारण हेच. दिवाळीची सुट्टी आणि मेची सुट्टी सोडून डिसेंबर-जानेवारीतले सोमवार ते गुरुवारचे दिवस मिळाले, तर भाडं कमी आणि गर्दीही कमी. शाळांमुळे जमणार नसेल तर निदान नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळा.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडरही उघडा. जहाज मुंबईहून दक्षिणेला जातं, म्हणजे उजवीकडे पश्चिम आणि डावीकडे कोकण. पौर्णिमेला निघालात तर डेकच्या उजव्या कठड्यावरून सूर्यास्त बघायचा आणि लगेच डाव्या कठड्याला जाऊन किनाऱ्याच्या बाजूने वर येणारा चंद्र बघायचा. दोन्ही जवळपास एकाच वेळी. तारे बघायची हौस असेल तर अमावस्येच्या आसपासची तारीख धरा आणि रात्री डेकवरच्या दिव्यांपासून दूरचा कोपरा शोधा.

खोली

खोलीचे साधारण चार प्रकार: आतली (खिडकी नाही), समुद्र दिसणारी (खिडकी आहे पण उघडत नाही), बाल्कनीची आणि सुईट. जुन्या जहाजांवर आतली खोली सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास असते. दोघांना ती पुरते. चौघांच्या खोलीत वरचे दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात, ते खाली आले की जमिनीवर बॅग उघडायलाही जागा उरत नाही. दोन मोठी मुलं असलेल्या कुटुंबाने शेजारशेजारच्या दोन आतल्या खोल्यांचा भाव जरूर काढावा. पुष्कळदा तो एका बाल्कनीच्या खोलीच्या जवळपास जातो, आणि बाथरूम दोन मिळतात. सकाळी नाश्त्याची वेळ गाठायची असते तेव्हा दुसऱ्या बाथरूमची किंमत कळते.

खोलीचा प्रकार निवडला की काम संपत नाही. ती कुठे आहे हे त्याहून महत्त्वाचं. जहाजाचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. त्यात खोलीच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत बास छातीत वाजतो. अगदी पुढच्या टोकाच्या खालच्या खोल्यांत नांगराचा आणि धक्क्याला लागताना चालणाऱ्या थ्रस्टरचा (जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्याचा) खडखडाट, अगदी मागे इंजिनाची थरथर. सर्वांत चांगली खोली म्हणजे खालच्या किंवा मधल्या मजल्यावर, जहाजाच्या लांबीच्या मध्यावर, आणि जिच्या वर-खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत अशी. ‘समुद्र दिसणारी’ स्वस्तात मिळत असेल तर खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, हे विचारून घ्या.

दोन रात्रींसाठी बाल्कनीवर पैसे घालू नयेत. जागेपणाचा बहुतेक वेळ डेकवर आणि जेवणघरात जातो. चार-पाच रात्रींच्या फेरीत, विशेषतः वडीलधाऱ्यांना गर्दीत बसायचा कंटाळा असेल तर, बाल्कनीचे पैसे वसूल होतात.

जाहिरातीतला भाव आणि खरा भाव

जाहिरातीत दिसतं ते एका माणसाचं, दोघांच्या खोलीतलं, मूळ भाडं. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क म्हणजे सक्तीची टिप (माणशी, दर रात्री, बहुतेक ठिकाणी मुलांनाही) आणि जीएसटी चढतो. एकट्याने जाणाऱ्याला खोलीचं जवळजवळ दोघांचं भाडं पडतं. म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारा: ‘आम्ही इतके जण, सगळं धरून, पैसे जहाजावर पाऊल ठेवेपर्यंत किती?’ हे उत्तर लेखी घ्या. भाड्यात जेवण, साधे कार्यक्रम आणि पूल येतात. मद्य, वाय-फाय, स्पा, खास रेस्टॉरंट, कॅसिनो आणि किनाऱ्यावरच्या सहली येत नाहीत. काही शो फुकट असतात, काहींना वेगळं तिकीट असतं. बुकिंगच्या वेळीच विचारा.

बोट लागू नये म्हणून

डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र ‘हलतोय’ म्हणतो, या भांडणातून मळमळ होते. जहाजाला पोटाखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण ते आडवं डोलणं कमी करतात. पुढचं टोक वर-खाली होणं नाही. मध्यावरच्या, खालच्या खोलीचा आग्रह त्यासाठीच.

घाटात गाडी लागणाऱ्याने गोळी आधीच घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही, आणि मग जहाजावरच्या डॉक्टरांकडे इंजेक्शनसाठी जाणं आलं, ज्याचे वेगळे पैसे लागतात. आपल्याकडे सर्रास मिळणारी अ‍ॅव्होमिन २५ मिलिग्रॅम प्रौढांनी जहाज सुटायच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना. तिने झोप येते, तिच्यावर मद्य नको. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गरोदरपण किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

गोळीशिवायचे उपाय: मळमळ वाटू लागताच खोलीत जाऊन आडवं होण्याआधी उघड्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर या आणि क्षितिजावर नजर लावा. मोबाइल खिशात ठेवा, खाली बघत स्क्रोल करण्याने हमखास वाढतं. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, खाकरा, आलेपाक जवळ असू द्या. पहिल्या संध्याकाळी बुफेवर आडवा हात मारून वर दोन पेग घेणं हे बोट लागण्याचं सर्वांत सामान्य कारण. खाण्याचा बेत दुसऱ्या दिवसावर ठेवा.

सामान

मोठी बॅग टर्मिनलवरच ताब्यात घेतात आणि ती खोलीशी यायला संध्याकाळ होते. तोवर लागणारं सगळं खांद्यावरच्या पिशवीत हवं: औषधं, ओळखपत्र, पोहण्याचे कपडे, चार्जर, बाळाचं खाणं. देशांतर्गत फेरीला आधार किंवा तत्सम मूळ ओळखपत्र चालतं, मुलांचंही घ्या. गरोदरपणाचे २४ आठवडे उलटले असतील तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, आणि अगदी तान्ह्या बाळांनाही वयाची अट असते. पैसे भरण्याआधी नियम वाचा.

बॅग मऊ घ्या, पलंगाखाली सरकते. जहाजाच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हूक नेले की ओले टॉवेल आणि टोप्या टांगायची सोय होते. जुन्या जहाजांवर सॉकेट कमी आणि पिनाही वेगळ्या असू शकतात. एक युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर आणि तीन-चार यूएसबीचा एक चार्जर पुरतो. स्पाइक बस्टर नेऊ नका. सर्ज प्रोटेक्टर असलेली पट्टी जहाजाच्या वायरिंगवर तापून पेटू शकते, म्हणून ती जप्त होते. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांचंही तेच. आतल्या खोलीत दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, मुलांसाठी बॅटरीवरचा छोटा दिवा घ्या. आत एसी कडक असतो आणि डेकवर वारा, तेव्हा मुंबईच्या उकाड्यावर जाऊ नका. प्रत्येकाला एक शाल किंवा जॅकेट हवं. चपला रबरी तळाच्या, ओल्या डेकवर न घसरणाऱ्या.

पहिले चार तास

वेब चेक-इन घरी पूर्ण करून मिळालेली वेळ पाळा. दुपारी सगळे एकदम येतात तेव्हा टर्मिनलवर तास-दीड तास सहज जातो; दिलेल्या वेळांपैकी सर्वांत आधीची मिळाली तर ती घ्या. चढल्यावर लोक थेट बुफेकडे धावतात. तुम्ही आधी रिसेप्शनला जा. शोच्या जागा, रात्रीच्या जेवणाची पाळी, मुलांच्या क्लबची नोंदणी, स्पाची वेळ ही कामं पहिल्या अर्ध्या तासात उरकली की पुढे रांग नाही. जेवणाची पाळी निवडताना शोची वेळ समोर ठेवा. मुलं असतील तर पहिली पाळी बरी. जैन जेवण किंवा कसली अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळी कळवलेलं असलं तरी इथे पुन्हा सांगा. या सगळ्या धावपळीत बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण पूल या वेळी रिकामा असतो.

सुरक्षा कवायत चुकवू नका. २०१२ च्या ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ अपघातानंतर ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणं जगभर सक्तीचं झालं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. जमायची जागा चढताना मिळणाऱ्या तुमच्या क्रूझ कार्डावर (ओळख आणि खर्चाचं खातं तेच) लिहिलेली असते. खोलीपासून तिथपर्यंतची वाट एकदा जिन्याने चालून बघा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते.

मोबाइल जहाज सुटताच एअरप्लेन मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि त्याचं रोमिंगचं बिल घाम फोडतं. वाय-फाय दोन रात्रींसाठी घेतलंच पाहिजे असं नाही. त्याऐवजी बरोबरच्या घरच्यांशी जहाजावरचं एक ठिकाण आणि दर दोन तासांची वेळ ठरवून ठेवा, म्हणजे कोणी हरवलं तरी भेट होते.

जहाज सुटताना उजव्या कठड्याला उभे राहा. बॅलार्ड पिअर मुंबईच्या पूर्व अंगाला आहे, म्हणून दक्षिणेला निघालेल्या जहाजाच्या उजव्या हाताला गेटवे, ताज, कुलाबा आणि शेवटी खडकावरचं प्राँग्ज दीपगृह एकामागून एक येतं. दीपगृह मागे पडलं की डावीकडे जा. हवा स्वच्छ असेल तर थळच्या समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी तो एक. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, त्यामुळे जहाज उशिरा निघणार असेल तर हे परतीच्या पहाटे बघा. तेव्हा बाजू उलट्या असतात.

जेवण आणि गर्दी

बुफेवर सर्वांत वाईट वेळ सकाळी साडेआठ ते साडेनऊ. सातला जा, नाहीतर टेबलावर वाढणाऱ्या मुख्य रेस्टॉरंटमध्ये नाश्ता करा. तिथे निवांतपणा असतो आणि पदार्थ गरम येतो. पैसे देऊन जेवायची रेस्टॉरंट दोन रात्रींत लागत नाहीत. बाटलीबंद पाण्याचे पैसे पडतात, रिकामी बाटली नेऊन भरून घ्या. जेवणाआधी साबणाने हात धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

खर्च सगळा कार्डावर पडतो, म्हणून खर्चाचं भान राहत नाही. दर रात्री रिसेप्शनवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर बिल बघा. मुलांच्या कार्डाला खर्चाची मर्यादा घालून घ्या, आर्केडमध्ये ती उपयोगी पडते.

गोव्याचा दिवस

जहाज वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात लागतं, पणजीत नाही. तिथून पणजी आणि जुनं गोवं तीसेक किलोमीटर, कळंगुट पंचेचाळीसच्या घरात. नव्या झुआरी पुलामुळे वाट सोपी झाली असली, तरी हाताशी पाच-सहा तास असताना कळंगुट-बागा गाठायला जाणं म्हणजे दिवस टॅक्सीत घालवणं. त्यापेक्षा बोगमाळोचा किनारा आठ-दहा किलोमीटरवर आहे, वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय (सोमवारी बंद), वास्को गावात दामोदर देवस्थान, सड्यावर समुद्राकडे बघणारी जपानी बाग. मासळीचं जेवण बोगमाळोला किंवा वास्कोत करून वेळेत परत येता येतं. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. टॅक्सी बंदराबाहेर उभ्या असतात किंवा गोवामाइल्स अ‍ॅपवर मिळते. भाडं जाऊन-येऊन, थांबण्यासकट, आधी ठरवा.

परत चढायची वेळ जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीची असते, तीच खरी. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. गोवा तुम्ही अनेकदा पाहिला असेल तर सरळ जहाजावरच राहा. सगळे उतरलेले असताना पूल, जकुझी, डेकवरच्या खुर्च्या मोकळ्या, आणि लिफ्टही लगेच येते.

लक्षद्वीप

मुंबईहून जहाजानेच जावं असं ठिकाण कोणतं विचाराल, तर आमचं उत्तर लक्षद्वीप. तिथे जायला भारतीयांनाही परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढते, पण कागदपत्रं मुदतीत दिलीत तरच. अगत्ती बेटावर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर नांगरतं आणि लहान बोटींतून नेतात. लाटा मोठ्या असतील तर कप्तान उतरणं रद्द करतो आणि त्याला इलाज नसतो. म्हणूनही डिसेंबर ते फेब्रुवारी. गुडघे दुखणाऱ्यांनी बोटीत पाय टाकताना खलाशाच्या हाताला धरण्याऐवजी त्याला आपलं मनगट धरू द्यावं, पकड सुटत नाही. रोख पैसे, टोपी, पाण्यातले बूट आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या. बंगारम सोडून बेटांवर दारूबंदी आहे. प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावर पडलेला मेलेला असला तरी, उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि बॅगा तपासल्या जातात.

सिंगापूरहून जाणार असाल तर

तिथे क्रूझची दोन टर्मिनलं आहेत, मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ सेंटर’ सांगितलं तर चुकीच्या ठिकाणी उतराल. तिकिटावरचं पूर्ण नाव दाखवा. क्रूझ संपवून परत सिंगापूरमध्ये शिरायचं असतं, म्हणून व्हिसा अनेकदा प्रवेशाचा हवा आणि एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूर प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) परतीसाठी पुन्हा भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवसाचे कपडे, औषधं आणि ओळखपत्र आधी बाजूला काढा. सगळं बॅगेत गेलं म्हणून पायजम्यावर उतरणारे प्रत्येक फेरीत असतात. बॅगा लहान असतील तर स्वतः उचलून उतरायचा पर्याय घ्या, तो गट सहसा आधी सुटतो. कार्डावर आगाऊ भरलेले पैसे उरले असतील तर परताव्याची रांग सकाळी लांबते, रात्री अकराच्या सुमारास आटोपून टाका.

धक्क्यावरून सीएसएमटी दीड-दोन किलोमीटरवर आहे, पण एकाच वेळी हजारभर माणसं टॅक्सी शोधत असतात. पुणे-नाशिकची गाडी अकरानंतरची आणि विमान दुपारी दोननंतरचं धरा, म्हणजे जहाज तासभर उशिरा लागलं तरी तिकीट फुकट जात नाही.